तात्यांचा पहिला फोन

आमच्या गोडादऱ्यातल्या घरी नवा फोन बसला, तेव्हाची गंमत ऐका. माझे वडील, तात्या, जन्मभर कापडाच्या लूमवर राबलेले. तिथल्या खडखडाटात कारागीर हाताच्या खुणांनीच बोलायचे. फोनवर त्यांचा आधीच राग. "तोंड बघितल्याशिवाय कसलं बोलणं?"

एके दिवशी अमळनेरहून त्यांच्या लूमवरच्या जुन्या जोडीदाराचा, दगडूकाकांचा फोन आला. तात्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने खुणा सुरू! जेवलास का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं. तोंडातून मात्र शब्द नाही.

हसू दाबत मी रिसीव्हर घेतला, तर पलीकडे काकांची सून हसून बेजार. "भाऊ, आमचे सासरेपण नुसते हातच हलवताहेत!"

तात्या भडकले. "लूमच्या आवाजात दगडूला माझं सगळं कळायचं. इथं एवढी शांतता, तरी एक शब्द पोचत नाही!"