मगनभाऊंच्या वाटेत आलेला बोगदा

नाही, मला एक सांगा, आमच्याकडे बोगदा आलाच कुठून? चाळीसगावकडे घाट आहे, कबूल. लळिंगला चढ आहे, तोही कबूल. पण अमळनेरच्या या सपाटीवर, जिथं टेकडी बघायची तर माणसाला रजा टाकावी लागते, तिथं बोगदा? अहो, आमचे ड्रायव्हर मगनभाऊ एवढ्या एका भरवशावर तीस वर्षं एसटी चालवत आले! मी त्यांचा कंडक्टर, बारा वर्षं त्यांच्या मागे घंटी मारतोय, म्हणून तुम्हाला सांगतो, या माणसानं नाशिक नाकारलं, ठाणं नाकारलं, बढतीसुद्धा नाकारली... का? तर रस्त्यात बोगदा लागतो! नऊ वर्षांचे असताना मामाबरोबर मुंबईला निघाले होते, कसाऱ्यापुढे रेल्वे बोगद्यात थांबली, दिवे गेले, आणि पोराला वाटलं आपण मेलो आणि मामाही मेला. मामा शेजारीच शेंगा खात बसला होता म्हणे, पण अंधारात ते कसं कळणार?

तर मोहरखेड्याचं रेल्वे फाटक बंद झालं आणि रुळांखालून रस्ता काढला. उतरताना कोपरासारखा वळतो, आत गेलं की दिवसाढवळ्या मिट्ट काळोख, भिंतींना ओल, बसला डाव्या-उजव्या बाजूला वीतभर जागा. फाटक गेलं तशी गावाची बसही गेली. अकरावी-बारावीच्या सहा पोरींनी त्या काळोखातून पायी जायला नकार दिला आणि त्यांचं कॉलेज सुटलं. मग सरपंच पुष्पाबाई डेपोत येऊन बसल्या. सहा पोरींची नावं लिहून आणलेली, पहिलंच नाव त्यांच्या पुतणीचं, पुनमचं. बस बोगद्यातून आणा, नाहीतर या पोरींची लग्नं लावून द्यायला घरचे तयारच बसलेत, म्हणाल्या. डेपोच्या साहेबांनी चाचणी फेरी लावली, आणि ड्रायव्हर कोण? मगनभाऊ. निवृत्तीला अकरा महिने, तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला!

मगनभाऊ गेले साहेबांकडे. आमचे योगेंद्र साहेब चांगले आहेत हो, पण कागदाबाहेर बघत नाहीत. चष्मा नाकावर ओढून म्हणतात, "मगनराव, बोगदा म्हणजे डोंगर फोडून काढतात तो. हा भुयारी मार्ग आहे. कागदावर बोगदा नाहीच, मग भीती कशाची?"

मगनभाऊ टोपी हातात धरून उभे. हळूच म्हणाले, "साहेब, आत उभं राहिलं की आभाळ दिसत नाही. पुढचं तोंड दिसत नाही. हॉर्न मारला की समोरून दुसरी गाडी आल्यासारखं वाटतं. आता याला बोगदा नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?"

साहेबांनी सही केली आणि दुसरी फाईल उघडली.

चाचणीच्या सकाळी मगनभाऊंनी डबा आणला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, अन्न वाया कशाला घालवायचं! रोज परवडणार नाही असा लांबचा फेरा घालून पहाटेच बस गावात आणली. गावाकडच्या तोंडाशी पन्नास-साठ माणसं, नारळ, हार. गावातले जाणते लोटन आबा हातात बांबू घेऊन उभे. आबांनी आदल्या दिवशी बोगदा मोजला होता, बसची उंची बांबूवर खडूनं आखून. आता आबांनी मोजला कुठं? तोंडाशी! का, तर मध्ये चिखल होता आणि आबांच्या पायात नवीन वहाणा होत्या. आणि मध्ये काय झालं होतं? पाणी साठतं म्हणून ठेकेदारानं दोनदा काँक्रीट ओतलं होतं. जमीन वर आली, छत तिथंच, उंचीची पाटी तिथंच! आबा मात्र ठासून सांगतात, "निंघी जाई, भाऊ. मी मोजेल शे."

गेलो आत. मी टॉर्च घेऊन पुढे, उलटा चालतोय, मागून बस मुंगीच्या पावलांनी. मगनभाऊंचा चेहरा काचेमागे पांढराफटक, ओठ हलतायत, आई मुक्ताई, आई मुक्ताई... आणि बरोबर मध्यावर मी टॉर्च वर मारला तर पुढची तुळई बसच्या टपापेक्षा बोटभर खाली! मी ओरडलो, त्यांनी ब्रेक मारला. मागे घेऊ म्हटलं तर मागे चार ट्रॅक्टर येऊन चिकटलेले, त्यांच्यामागे वळण. आणि तुम्हाला सांगतो, नेमकी त्याच वेळेला वरून मालगाडी! अठ्ठावन्न डबे, मी मोजले, दुसरं करणार काय? भिंती थरथरतायत, टपावरच्या झरोक्यातून माती मगनभाऊंच्या डोक्यावर पडतेय, आणि त्यांनी स्टिअरिंगला मिठी मारलेली. मी माझ्या बायकोला मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलं. आता याला बोगदा नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

गाडी गेली. शांत झालं. मग मागून, ट्रॅक्टरांपलीकडून आबांचा आवाज, अगदी निवांत. "गाडी उची व्हयनी ना? मंग बठ्ठा मानसे बसाडा. दबी जाई."

झालं! अख्खं गाव अंग चोरून भिंतीकडेनं आत, अर्ध्या उघड्या दारातून बसमध्ये. म्हाताऱ्या आल्या, ढोल-ताशेवाले ढोलासकट आले, पुजारी नारळासकट. मी तिकिटं फाडली. हसू नका, नियम तो नियम! माणूस चढत होता तशी बस खाली दबत होती. एक बोट... दोन बोटं... टप तुळईखाली गेला! आता फक्त पुढे घ्यायची. पण मगनभाऊ हलेनात. पाय ब्रेकवर गोठलेला, डोळे मिटलेले. पुष्पाबाईंनी समजावलं, आबांनी समजावलं. ते म्हणाले, मला उतरवा, बिल्ला काढून घ्या, पण उतरवा.

तेव्हा त्यांच्या मागच्या सीटवरून पुनम पुढे वाकली. मांडीवर दप्तर घट्ट धरलेलं. म्हणाली, "मलाही भीती वाटतेय, काका. पण पहिला तास पावणेआठला असतो."

मगनभाऊंनी डोळे उघडले. घड्याळ बघितलं. ड्रायव्हरला उशीर दाखवला ना, की त्याला भीतीबिती काही सुचत नाही. पहिला गिअर पडला. टपावरून काहीतरी खर्रर्र घासत गेलं. पुढे कळलं की तो बसला बांधलेला हार होता, पण त्या क्षणी बसमधले सगळे श्वास धरून होते. आणि मग एकदम ऊन!

बाहेर पडल्यावर मगनभाऊ रस्त्याकडेला बसून लहान मुलासारखे रडले. लाज कसली त्यात? मीही रडलो.

मग त्यांनी साहेबांना रिपोर्ट लिहिला, स्वतःच्या हातानं, तीन पानं. मार्ग धोक्याचा आहे. काँक्रीट फोडल्याशिवाय बस नेऊ नये. रिकामी बस जातच नाही, पोरींना कॉलेजला पोचवायचं तर पन्नास रिकामटेकड्यांना बरोबर न्यावं लागतं. ही माणसं पलीकडे उतरून पायी घरी येणार आणि संध्याकाळी परतीच्या फेरीला पुन्हा भरावी लागणार. सदर जागा बोगदाच आहे, ही विनंती.

आठ दिवसांनी उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं. काँक्रीट फोडण्याबाबत संबंधितांना कळवण्यात येत आहे. चाचणी फेरीत बस शंभर टक्क्यांच्या वर भरली, एवढा प्रतिसाद डेपोतल्या दुसऱ्या कुठल्याच मार्गाला नाही, सबब मार्ग कायमस्वरूपी मंजूर. आणि खाली साहेबांच्या अक्षरात, की बोगद्यातून बस नेण्याचा अनुभव डेपोत फक्त मगनरावांनाच असल्याने निवृत्तीपर्यंत रोज दोन्ही फेऱ्या त्यांनीच कराव्यात.

मगनभाऊंनी कागद घेतला, ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवला आणि बसकडे चालू लागले. म्हणाले, "चला. साहेब बोगदा तरी म्हणाले."