पुस्तकातल्या बाईचं सुतक

तुमी त्या कादंबरीवाल्या सायबांचं इचारायला आलाय, ठावं हाय मला. ते गेले, आता त्यांच्या नावानं मोटं पुस्तक काढनार, त्यांच्यापासनं कोन काय शिकलं ते त्यात घालनार, असं मास्तरीणबाई सांगून गेल्यात. सांगती की. पन मी काय सभेत बोलनारी बाई न्हवं, माझं बोलनं हिकडनं तिकडं जातंय, मदीच खोकला बी येतोय, तवा जरा दमानं घ्या.

मी मूळची करमाळ्याकडची. माझी आय पाटाची बायको. लाजायचं काय त्यात? तिचा पयला नवरा पटकीनं गेला, ती पोरसवदा व्हती, मंग चार मानसं बसली आनी माझ्या बाशी तिचा पाट लावला, आनी मंग आमी भावंडं झालो. पाट लागला नसता तर मी नसते, आनी तुमी आज कुनाच्या म्होरं बसला असता? तवा आमच्यात पाट व्हताच, कुनी वाकडं त्वांड करत न्हवतं. फकस्त तो रातीचा लावायचा, दिवा बारीक करून, आनी दिवस उगवंस्तवर सवाशिनीनं त्या दोगांचं त्वांड बगायचं न्हाय. असं का म्हनून आयला इचारलं तर ती म्हनायची, गप बस, पोटाला मिळतंय न्हवं.

लगीन झालं आनी मालक सोलापूरला गिरनीत लागले, मागनं मी आले. मला रीळ खात्यात काम मिळालं. सुताच्या लडी करायच्या, दिसभर हुबं ऱ्हायाचं, कापसाचा भुगा नाकात, डोळ्यात, भाकरीत. भोंगा झाला की जायाचं, भोंगा झाला की यायचं. ह्यो खोकला तितलाच. लोक म्हनत्यात औशिद घे, आता औशिद घिऊन काय करू, जेवडं जायाचं तेवडं गेलं की.

मालक पुडं मुकादम झाले. पगडी आली, आनी पगडीमागं आकड आली. त्याच सुमाराला आमच्या भावकीत नवंच खूळ निगालं, म्हनं आपन वरच्या कुळीचे, आपल्यात पाट लावत न्हाईत, जे लावतील ते खालचे. मी म्हनलं, आवं माझी आय पाटाचीच हाय की! मालक म्हनले, ते आता बोलायचं न्हाय कुटं. झालं. आय हुती ती एका दिसात न बोलायची गोष्ट झाली.

आनी नेमकं त्याच वक्ताला माझी सोना घरी आली. येकुलती येक पोर, माळशिरसाकडं दिलीवती. जावई तापानं गेला. पोरीला धड संसार म्हंजी काय ते कळलं न्हवतं, तवर पांढऱ्या पायाची म्हनून त्यांनी तिला आमच्या दारात आनून सोडली. कुकू गेलं, बांगड्या गेल्या, आनी काय सांगू तुमास्नी, बोलनंच गेलं तिचं. लहानपनी लई वटवट करायची, आता इचारलं तर व्हय, न्हाय, येवडंच. मी तिला माझ्यासंगं रीळ खात्यात न्ह्यायला लागले. हात चालायचे तिचे, त्वांड मिटल्यालं.

मास्तरीणबाईंचा वर्ग तवाच सुरू झाला. सुट्टीच्या दिशी दुपारच्या वक्ताला आमच्या चाळीच्या पडवीत यायच्या, गिरनीतल्या बायकांना लिवाय-वाचाय शिकवायला. बाई स्वता बामनाच्या, इधवा, पांढरं लुगडं, पन आवाज असा खनखनीत. शिकलं कुनीच न्हाय. हप्ताभर हुबं ऱ्हायल्यालं मानूस बसलं की डुलकी लागती, आक्षरं कुटनं दिसायची? मंग बाईंनी युगत काढली. पुन्याकडनं येक मासिक यायचं, त्यात या सायबांची कादंबरी दर म्हयन्याला थोडी थोडी छापून यायची, ती त्या वाचून दावायला लागल्या. आनी मंग बगा, डुलकी गेली कुटल्या कुटं. सगळी चाळ गोळा.

त्यात अंबू म्हनून बामनाची येक बालइधवा व्हती. सासरी राब राब राबायची, सासू भाकरी मोजून द्यायची, दीर वाईट डोळ्याचा. आमी आयकायचो आनी सासूला अशा शिव्या द्यायचो, बाईंना वाचनं थांबवायला लागायचं. शेजारची शिवम्मा तर लई पेटायची. ती अक्कलकोटाकडची, लिंगायत, निम्मं कानडी निम्मं मराटी बोलायची. म्हनायची, अय्यो, हिचं लगीन का लावीत न्हाईत परत? आमच्यात उडकी करत्यात की, ह्यांच्या पाटावानी! बाई म्हनल्या, त्यांच्यात न्हाय लावत. शिवम्मा म्हनली, मंग तितं कशाला ऱ्हाती ती? हितं बोलवा.

हसू नगा. आमास्नी कुटं ठावं व्हतं की ही बाई न्हाईच म्हनून? कागदावर छापल्यालं, नावगाव असल्यालं, ते खरंच असनार न्हवं? आमी बाईंना म्हनलं, तुमी सायबांना लिवा, त्या अंबूला म्हनावं सोलापूरला ये, आमी आमच्यावर देखरेख करनाऱ्या नायकिनीला सांगून रीळ खात्यात लावून देतो, ऱ्हायाला आमच्या खोलीत जागा करतो, कुनी तिच्या अंगाला हात लावनार न्हाय. शिवम्मानं तर इरकली खन काढून ठिवला तिच्या चोळीला. बाई पदर तोंडाला लावून हसल्या, हसता हसता डोळे पुसले, आनी लिवलं बी तसंच्या तसं. आमी रोज वाट बगायचो. टांगा वाजला की शिवम्मा डोकावून बगायची.

आनी मंग श्येवटचा म्हयना आला. अंबूनं हिरीत उडी घेतली. बाईंनी वाचलं, मासिक मिटलं, आनी निगून गेल्या. शिवम्मानं ऊर बडवून घेतला. बायका घरी गेल्या त्या डोक्यावरनं पानी घिऊनच चुलीम्होरं बसल्या, त्या दिशी चाळीत कुनी फोडनी टाकली न्हाय. मालक आले, म्हनले आज कोन मेलं? मी म्हनलं, अंबू. कोन अंबू? पुस्तकातली. मालक असे हसले, असे हसले, सगळ्या खात्यात सांगत सुटले की आमची मंडळी पुस्तकातल्या बाईचं सुतक पाळत्यात.

मी बी हसले असते हो. पन सोना भाकरी थापत हुती, मान वर न करता म्हनली, बरं झालं, सुटली बिचारी.

इतक्या म्हयन्यात पोर आपनहून येक वाक्य बोलली, आनी बोलली ती ह्ये. चाळीच्या मागं आड हाय, खोल, कठडा बी न्हाय धड. त्या दिसापासनं मी तिला पान्याला जाऊ दिलं न्हाय. भोंग्याच्या आदी मीच शेंदायची, वर दिसभराचं हुबं ऱ्हानं, कंबर तवापासनं गेली ती गेली. शिवम्माला म्हनलं, मी नसताना डोळा ठेव गं. ती म्हनली, इचारायला लागतंय व्हय? पन डोळा तरी किती ठिवनार? मन कुटं जातंय ते कुनाला दिसतंय?

मंग सायेब सोलापुरात आले. वाचनालयात भाषन हुतं, पगड्या, उपरनी, हार, मोटारगाडी. बाईंनी आमास्नी दारापाशी बसवलं. ते काय बोलले ते मला समदं कळलं न्हाय, टाळ्या लई पडल्या. त्याच्यानंतर ते बाईंच्या घरी च्याला आले. बाई म्हनल्या, ह्याच त्या गिरनीतल्या, अंबूला काम देनाऱ्या. सायेब हसले, हात जोडले, म्हनले, तुमचं ते पत्र मी पुन्यात सगळ्यांना वाचून दाखिवलंय. शांत मानूस, दमल्यागत दिसत हुते. मी म्हनलं, सायेब, तिला मारली कशापाई?

बाई मला गप करायला बगत हुत्या. मी म्हनलं, न्हाय, सांगू द्या. माझी पोर तशीच हाय, तिनं आयकलं तुमचं समदं, आनी ती म्हनती बरं झालं सुटली. आता मी तिला काय सांगू? तुमी इतकं शिकल्यालं, तुमी सांगा.

त्यांनी कप खाली ठिवला. मंग हळू म्हनले, बाई, माझी धाकटी बहीन तशीच हुती. मी माडीवर बसून इधवांवर लिवायचो आनी ती खाली जातं वडायची. आईला, आप्तांना काय सांगावं ते मला कळलं न्हाय. ती झुरून गेली. मला दुसरा श्येवट सुचला न्हाय, घरात बी न्हाय आनी पुस्तकात बी न्हाय.

माझ्या तोंडाला लगाम न्हाय, मालक म्हनायचे ते खरंच हाय. मी म्हनलं, सुचला न्हाय कसं? आमी लिवून धाडलाता की!

त्यांनी माझ्याकडं बगितलं. डोळ्यात पानी आलं त्यांच्या. म्हनले, व्हय, धाडलावता तुमी. पन लोकांना पटला नसता.

मी सात रस्त्याच्या चौकावरनं चालत घरी आले. इचार येत हुता, येवडा मोटा मानूस, ज्याच्या भाषनाला येवडी मानसं, तो लोकांची वाट बगतोय. आनी लोक म्हनत्यात, सायेब सांगतील तसं करू. दोगं बी येकमेकाकडं बगत बसल्यात, आनी मदल्या मदी माझी पोर. मला राग न्हाय आला त्यांचा. खोटं सांगून वाटंला लावता आलं असतं की मला, कोन इचारनार हुतं? पन खरं सांगितलं त्यांनी. मानूस चांगला. पन चांगल्या मानसाचं बी बळ कुटंतरी सरतंय, आनी जितं त्याचं सरलं तितनं म्होरं आपलं आपल्यालाच चालाय लागतंय. ह्ये लिवा तुमच्या पुस्तकात, लिवायचं असलं तर.

शिवम्मानंच स्थळ काढलं. निवृत्ती, सुताला खळ लावत्यात त्या सायझिंग खात्यातला, मानूस गरीब, बोलताना जरा अडखळनारा, लगीन झाल्यालं न्हाय. मी सोनाला इचारलं. ती हातातली लड गुंडाळत ऱ्हायली. मला वाटलं, आता न्हाय म्हननार. तर म्हनली, करायचं तर उजेडात करा. मी काय कुनाचं चोरून आनलंय, अंधारात जायाला?

काय सांगू तुमास्नी, मला असं वाटलं की माझ्या आयलाच वाचा फुटली.

मालकांना सांगितलं. ते म्हनले, पाट लावशील तर मी तुजा कोन न्हाय. मी म्हनलं, बरं. दुसरं काय म्हननार? ते गावाकडं निगून गेले. गिरनीच्या सुट्टीच्या दिशी ऐन दुपारी पाट लावला, चाळीच्या पडवीत. बिनलग्नाच्या गड्यानं पाट लावायचा तर आदी त्येचं रुईच्या झाडाशी लगीन लावत्यात, तशी रीत हाय आमच्यात, मंग रेल्वेच्या रुळाकडनं रुई आनली, हळद लावली, पयलं लगीन रुईशी, दुसरं सोनाशी. आनी बायका, चाळीतल्या सवाशिनी, सगळ्या भिताडाकडं त्वांड करून हुब्या. सवयच ती, त्यांचा बी काय दोष? शिवम्मा तेवडी सरळ म्होरं गेली, सोनाची हनवटी धरून त्वांड वर केलं आनी म्हनली, बगू दे गं, किती छान दिसतीस. आनी तो अंबूसाठनं ठिवल्याला खन तिच्या वटीत घातला. मंग येकेक बाई वळली. समद्या न्हाय वळल्या. वळल्या तेवड्या वळल्या.

मालक काय दिसांनी परत आले. येकाच खोलीत ऱ्हातो, मी ताट वाडती, ते जेवत्यात, पन माझ्याशी बोलत न्हाईत, बोलायचं तर शिवम्माला सांगत्यात, तिला सांग भाकर करपली म्हनून. भावकी तुटली. माहेर बी तुटलं, सख्खा भाऊ बी आता वरच्या कुळीचा झालाय न्हवं. माझी आय गेली तवा मला सांगावा आला न्हाय. बाजाराला आल्याल्या कुना मानसाकडनं कळलं, तवर तिचं दिवसकार्य बी उरकलंवतं. तिचं त्वांड बगायचं ऱ्हायलं. ते येक मातुर आतमदी सलतंय, ते काय जात न्हाय.

सायेब गेले तवा हितं बी सभा झाली. मोटी मानसं बोलली, त्यांच्या चरित्रापासनं धैर्य शिकावं, असं कायबाय. मी मागं बसलेवते. मला त्यांचा तो खाली ठिवल्याला कप दिसत हुता. दमल्याला मानूस तो. मी बी दमले. देव त्यांच्या जिवाला शांती देवो, आनी त्या बहिनीच्या बी.

सोना? हाय की, ही शेजारच्या चाळीत. दोन पोरं हायत. निवृत्ती मदनंमदनं पितो, मंग ती त्याला उबा आडवा घेती. कालच आलती, माझ्यावर वराडून गेली, पोरांना गूळ का दिलास, त्यांची पोटं बिगडली, तुला कितींदा सांगायचं. सगळी चाळ आयकत हुती. मालक बी आयकत हुते. शिवम्मा म्हनली, लई त्वांड सुटलंय तुज्या लेकीचं. मी म्हनलं, सुटू दे बाई. वराडू दे तिला. जिती हाय माझी पोर.