तपासलेलं घड्याळ

...आणि वर हे डेपोवाले मलाच विचारतात, काका, जरा लवकर निघायला काय होतं? लवकर? अहो, अकरा वर्षं मी लवकरच निघत आलोय! रोज पाच मिनिटं. एक दिवस खाडा नाही.

तुमचीपण गेली ना, ताई? ठेवा पिशवी खाली, बसा. पाच वीसची बस, आपल्या बाजूची शेवटची, चारलाच गेली. तो लाल आकड्यांचा बोर्ड बघा, सहा तेहतीस दाखवतोय, आणि तुमच्या मोबाईलमध्ये? पाच तेरा. आज शनिवार, म्हणून एवढा फरक. सोमवारी सकाळी या, दोन्ही सारखे असतात. मंगळवारी बोर्ड थोडा पुढे, बुधवारी आणखी पुढे... आठवडाभर असा पळतो जसा काही त्याचा बाप पाठीमागे लागलाय. आणि डेपोचा नियम काय, तर बोर्डाने बेल मारली की बस सोडायची, ड्रायव्हर थांबला तर त्याला मेमो. कोणाच्या पापाने हे झालं, सांगू? सांगतो, पण आधी तुम्ही, हो तुम्हीच, मिशीवाले, ती छत्री जरा लांब ठेवा. हां. आता बरं वाटतंय.

तुम्हाला सांगतो, मी तिथलाच शिपाई, जिथे हा बोर्ड बनला. शिक्षण सातवी, आणि तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून. आमच्या लॅबमध्ये एक लंबकाचं घड्याळ आहे, कंपनी काढली त्या म्हाताऱ्या मालकाचं. चावी मी देणार, पुसणार मी, नऊला लावणारही मी. आता लंबकाखाली एक चकती असते. ती फिरवून वर घेतली की घड्याळ जोरात चालतं. अकरा वर्षांपूर्वी एका रिकाम्या दुपारी मी ती थोडी वर घेतली. थोडी म्हणजे किती, तर नऊ ते पाचात पाच मिनिटं पुढे जाईल एवढीच. घड्याळात पाच वाजले की खरे चार पंचावन्न. सगळा मजला उठतो, मला पाच वीसच्या बसला खिडकी मिळते, सकाळी मी काटा मागे घेतो. कोण मेलं सांगा? आणि उगाच कोणी शंका काढू नये म्हणून एक दिवस जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यावरचा हिरवा स्टिकर अलगद काढला आणि घड्याळाच्या पोटावर चिकटवला. वर ठळक अक्षरात ‘तपासले’. खाली बारीक काहीतरी. बारीक कोण वाचतं?

बाकीच्यांना कळलं नव्हतं असं समजू नका. आमच्याकडे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी हातात आला की प्रत्येकाला दिसायचं, चार सत्तावन्न. अकरा वर्षांत एकाने तोंड उघडलं नाही. घरी लवकर सोडणाऱ्या घड्याळाची तक्रार कोण करतो हो?

मग आला नॅनो. नाव त्याचं दुसरंच, पण तो सेकंदात बोलायचाच नाही, सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करून बोलायचा, म्हणून आम्ही त्याला नॅनो म्हणायचो. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला, हा बोर्ड डेपोत महिनाभर नीट चालला की नोकरी कायम. तोंडाने गोड, पण एक खोड. मी काही विचारलं की चष्मा वर सरकवून म्हणायचा, ‘काका, तुम्हाला नाही कळायचं.’ चहा कुठे ठेवू विचारलं तरी तेच. चहा, तुम्हाला सांगतो! चाळीस वर्षं चहा ठेवतोय मी.

तरी मला कळलं बरं का. तो फळ्यापुढे उभा राहून स्वतःशी बडबडायचा आणि मी फडकं मारत ऐकायचो. गंमत अशी की या बोर्डाच्या आतलं मशीन चालू होतं ना, तेव्हा त्याच्या प्रोसेसरला ठाऊकच नसतं आपण किती वेगाने पळतोय. घोडा आहे, टापा टाकतो, मोजत नाही. मोजतो तो कर्नल. कर्नल म्हणजे मशिनच्या पोटातला मुकादम. पण हा मुकादम रोज सकाळी सगळं विसरून उठतो, आमच्या साडूसारखा. मग तो काय करतो, तर शेजारी एक म्हातारा टायमर बसलेला असतो, हळू चालणारा पण नेमाचा, त्याला म्हणतो, आजोबा, तुम्ही सेकंदाचा विसावा भाग मोजा, तेवढ्यात हा घोडा किती टापा टाकतो ते मी मोजतो. असं तीनदा. आणि तिन्हींतला सगळ्यात कमी आकडा धरायचा, कारण मधेच कोणी लुडबुड केली तर टापा वाढलेल्या दिसतात. झालं. त्या आकड्यावर पुढे मशिनचा सेकंद, मिनिट, तास, सगळा संसार.

पण आजोबाच खोटं बोलत असले तर? नॅनोची झोप उडाली ती इथे. माल नव्या पुरवठादाराकडून आलेला, त्याच्या क्रिस्टलवर, म्हणजे आजोबांच्या काळजाच्या ठोक्यावर, जो आकडा छापलाय तो खरा कशावरून? वेग मोजायचं मीटर तपासणीला गेलेलं, तीन महिने झाले, तिकडेच संसार मांडून बसलंय. लॅबमध्ये नेट तोडलेलं, मोबाईल गेटवर. कॉम्प्युटरच्या घड्याळावर याचा विश्वास नाही, म्हणाला ते आपल्यासारख्यानेच बनवलेलं असतं. मग याची नजर फिरत फिरत गेली... कुठे? भिंतीवर.

मला म्हणाला, काका, हे घड्याळ बरोबर आहे ना? आता बघा हं, त्या क्षणी मी माणूस असतो तर सांगितलं असतं. मी म्हणालो, ‘साहेब, स्टिकर बघा की.’

त्याने बघितला. हिरवा रंग, ठळक अक्षरं. तुम्हाला सांगतो, या शिकल्या-सवरल्यांना माणूस काही सांगेल तर पटत नाही, स्टिकर सांगेल तर डोळे मिटून पटतं. तीन दिवस, नऊ ते पाच, हा पठ्ठ्या वही घेऊन त्या घड्याळासमोर. मी मुद्दाम मधे जाऊन विचारायचो, साहेब, साखर कमी चालेल का? तो हात वर करायचा, मोजणी चालू आहे. तीन दिवसांचे तीन आकडे, शेवटच्या अंकापर्यंत जुळले. नाचायचा बाकी राहिला. जुळणारच! माझं घड्याळ रोज चुकत होतं, पण रोज तेवढंच. चूक नेमाने केली की लोक तिला अचूक म्हणतात, माझ्या बायकोला विचारा, तिने चाळीस वर्षं मला नवरा म्हटलंय.

छापील आकडा शंभरात एकाने खोटा निघाला, वहीप्रमाणे. मग काय, पुरवठादाराच्या माणसाला बोलावणं गेलं. आला बिचारा, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, म्हणतो, अहो साहेब, क्रिस्टल लाखात चार-पाचने चुकतं, शंभरात एकाने कधी चुकेल का? तुमचं मोजमाप एकदा बघा. नॅनोने त्याला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं, स्टिकरवर बोट ठेवलं, आणि सगळ्या मजल्यासमोर म्हणाला, ‘तुम्हाला नाही कळायचं.’ सगळा मजला खाली मान घालून कीबोर्ड बघत होता. तो माणूस घड्याळाकडे बघतोय, घड्याळाखाली मी फडकं घेऊन, मी त्याच्याकडे बघतोय. त्याला काहीतरी वाटलं असणार. मी काच पुसली. त्याच्याकडून माल घेणं बंद.

मग नॅनोने कर्नलमध्ये स्वतःचा आकडा घातला. रोज सकाळी मशीन भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे लावायचा, संध्याकाळी दोघांचे पाच बरोबर वाजायचे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या साहेबीणबाई, खूश. सोमवारी सकाळी डेपोत उद्‌घाटन, डेपोमॅनेजरने कागदावर सही केली की यंत्र अचूक आहे. नॅनोने गावाहून आईला बोलावून घेतलेलं, नोकरी आता कायम होणार म्हणून, खोलीसुद्धा मोठी घेतलेली. म्हातारीने माझा हात हातात घेतला, म्हणाली, भाऊ, नवीन आहे पोरगं, तुमचं लक्ष असू द्या. लक्ष? लक्ष तर माझं पहिल्यापासून होतं.

आता आठ तासांत पाच, तर चोवीस तासांत किती? पंधरा. लॅबमध्ये सकाळी मी काटा मागे घ्यायचो, डेपोत कोण घेणार? बुधवारी संध्याकाळची बस पस्तीस मिनिटं आधी सुटली, आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक झोपलेला माणूस, तोही कालचा.

नॅनो धावत डेपोत. मोबाईल आणि बोर्ड समोरासमोर धरून बसला, चार तासांत अडीच मिनिटांचा फरक. बोर्ड काढून लॅबमध्ये आणला, चार तास भिंतीच्या घड्याळापुढे ठेवला, फरक शून्य. पुन्हा डेपो, अडीच मिनिटं. पुन्हा लॅब, शून्य. दाढी वाढली. म्हणायला लागला, डेपोत उष्णता आहे. मग म्हणाला, इंजिनांचे हादरे आहेत. शेवटी म्हणाला, काका, तिथे वेळच वेगळी चालते का हो? इतक्या काकुळतीने विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला काहीतरी खरंच विचारलं होतं.

मी म्हणालो, ‘साहेब, मला काय कळतंय त्यातलं?’

तो स्टुलावर चढला. नाक स्टिकरला लावून खालचं बारीक वाचलं. ‘वापरण्यापूर्वी नळी ज्वाळेच्या बुंध्याकडे धरावी.’ तसाच स्टुलावर उभा राहिला. कोणी हसलं नाही... खोटं कशाला बोलू, मी हसलो. नळकांड्यामागे जाऊन.

मोठ्या बाईंनी मला विचारलं, घड्याळ तुमच्याकडे असतं ना? मी म्हणालो, बाई, मी पुसतो, चालवत नाही. नॅनोला त्याच दिवशी जा म्हणाल्या. सहा महिने तो कामात बुडालेला, सगळे गेल्यावर निघायचा, म्हणून त्याला कधी समजलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याबरोबर पाचच्या ठोक्याला बाहेर पडला. गेटवर मोबाईल हातात आला, बघतो तर चार सत्तावन्न. त्याने मागे वळून पाहिलं. अख्खा मजला उभा, आपापले मोबाईल खिशात घालत, चपला बघत. त्याला कळलं, की हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर मी म्हणालो, साहेब, आज लवकर?

असे बघू नका ताई. मिशीवाले, छत्री.

बरं, त्याला घालवला, पण बोर्ड? डेपोमॅनेजरने अचूक म्हणून सही केलेली, तो कशाला चूक कबूल करतोय? त्याने हुकूम काढला, बोर्ड सांगेल ती वेळ. बोर्डाच्या पेटीची किल्ली मुख्य कचेरीत, तिथला माणूस फक्त सोमवारी सकाळी येतो आणि बोर्ड खऱ्या वेळेवर लावून जातो. कर्नलमधला आकडा बदलायला जावं, तर तो कुठे लिहिलाय हे फक्त नॅनोला माहीत. आणि माझं काय? बाईंनी लंबकाचं घड्याळ उतरवून नवं लावलंय, एक क्षण मागे नाही पुढे नाही, चावी नाही, चकती नाही, काही नाही. आता मी निघतो बरोबर पाचला, आणि बस निघते कधी पावणेपाचला, कधी चारला. घरी चालत जायला दीड तास. गुडघे बघा, हे असे फुगलेत.

शेवटी गेल्या रविवारी गेलो त्याच्या दारात. दार म्हातारीने उघडलं. मोठी खोली सोडलीय, ही एवढीशी, दोन खाटा की संपली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तुम्हाला सांगतो, ती पोराला म्हणाली, अरे, लक्ष ठेवणारे काका आलेत. मी म्हणालो, साहेब, झालं गेलं, मी म्हातारा माणूस, माझी बस चुकते. आकडा कुठला आणि कुठे बदलायचा तेवढं सांगा, मी बाईंना सांगतो. तो शांतपणे म्हणाला, अगदी सोपं आहे काका, एकच ओळ आहे, दोन मिनिटांचं काम. मी खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली. म्हटलं, सांगा.

त्याने चष्मा वर सरकवला.

‘काका, तुम्हाला नाही कळायचं.’

...सरका जरा, ताई, पाय मोकळे करतो नि निघतो. रविवारी बसच नाही. सोमवारची आहे, अगदी वेळेवर.