बारा नंबरची केबिन

…नाही पोरी, नाकावरून ओळखू नकोस. लढाईच्या काळात आपल्याकडे सैन्यासाठी बनलेल्या ट्रकांचं नाक सगळ्यांचं चपटंच – फोर्ड काय नि शेवरोले काय. काच बघायची. समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली असली की ती तेरा नंबरच्या नमुन्याची केबिन. का झुकवली? ऊन चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. काच सरळ उभी असेल तर अकरा नाहीतर बारा. मग बॉनेट उघडायचं. अकराचं इतकंसं उघडतं, हात घातला की कोपर सोललंच, बाराचं ऐसपैस. झालं. एवढ्यासाठी संग्रहालयवाल्यांनी तुला इतक्या लांब पाठवलं? आणि तू पाहून आलीस तो माझ्या दोस्ताचा, एल्डनचा ट्रक म्हणशील तर तो तेरा आहे, त्यानेच सांगितलंय मला. मी पाहिलेला नाही – गुडघे गेल्यापासून त्याच्या गावापर्यंत कोण जातंय – पण एल्डन कशाला खोटं बोलेल?

सरळ आहे म्हणतेस काच? नीट पाहिलीस? आणि बॉनेट? …मग बाराच की. कमाल आहे. त्याला कुठे मिळाला बारा?

आमचा बारा होता. लढाई संपल्यावर बाबांनी सैन्याच्या लिलावातून आणलेला. स्टिअरिंग उजवीकडे, इंग्रजांच्या पद्धतीचं, आणि आपण गाडी हाकतो रस्त्याच्या उजव्या बाजूने – बाबांना डाव्या अंगाचा अंदाजच यायचा नाही. एकदा फाटकाचा खांब थेट आईच्या बाजूच्या दारात घुसला. आई आत बसलेली, बरं का. मांडीवरच्या टोपलीत अंडी किती फुटली तेवढं पाहिलं तिने. मग बाबांनी मधाच्या डब्याचा पत्रा कापून दाराच्या भोकावर आतून ठोकला, वरचं मधमाशीचं चित्र तसंच ठेवून – तुला सोबत, म्हणाले. आई हसली. ही गोष्ट मी एल्डनला किती वेळा सांगितली असेल, तोही दर वेळी नव्याने ऐकायचा.

गेला तो ट्रक. ओलेना, माझी बायको, दवाखान्यात होती त्या हिवाळ्यात ब्रेकच्या दुरुस्तीला एल्डनच्या गॅरेजात दिला होता. तो दवाखान्यातच आला, टोपी हातात धरून म्हणाला, पाव्लो, चासी तुटलीय, भंगारात द्यावा लागला. मी रडलो – तोवर बायकोसाठी रडलो नव्हतो, ट्रकसाठी रडलो – आणि तो माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. पुढे तिची शवपेटी उचलायलाही तोच होता. भावाने केलं नसतं एवढं केलं त्याने, हे मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोललोय.

वही कशाला मिटलीस?

डावं दार. आतून. मधमाशी …आहे? रंगाखाली बुजवली असेल ना – नाही? तशीच ठेवलीय? तिच्याभोवती हात फिरवून दाखवतो लोकांना? आणि काय सांगतो – सांग, मला काही होत नाही – काय सांगतो?

त्याची आई, म्हणतो. अंड्यांची टोपली.

ट्रक मागितला असता तर दिला असता, पोरी. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, किल्लीसुद्धा हातात ठेवली असती. पण माझी आई…

लिही तू. बारा नंबरची केबिन, अस्सल. ते खरं आहे. बाकीचं – बाकीचं मला विचारू नकोस. आज रविवार, तो जेवायला येतो माझ्याकडे, येतच असेल. तू निघ. दार ओढून घे. कडी मी आतून घालतो.