पोच झाल्याचा फोटो

नाव सुमियातुन, वय ५४ वर्षे, धंदा पेचेल-भाताची (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आणि भात) टपरी, राहणार मशिदीमागची गल्ली, पोनोरोगो.

मी आज चौकीत स्वतःहून हजर होऊन सांगते की, नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षे मी वरील टपरी चालवते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हाँगकाँग-तैवानला घरकामाला आहेत, पुरुष शेतात असतात. दिवसा घरं बंद. म्हणून ऑनलाइन दुकानांची पार्सलं माझ्याच बाकावर येऊन पडतात. त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

कुठल्या दुकानाचं पार्सल किती दिवसांत आलं ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. होडीचं चित्र असलेलं दुकान दोन दिवसांत, हत्तीवालं चार दिवसांत, मोरवालं येईल तेव्हा खरं. सबब लोक मागवण्याआधी मला विचारतात. मीही उचलली जीभ, लावली टाळ्याला.

होडीवाल्यांची पार्सलं दार्योनो आणतो. त्याला बाराच्या आत सगळी पार्सलं पोचल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी डोंगराकडचा भाग देतात. म्हणून दोन वर्षांपासून तो सकाळी माझ्या बाकावर कुठलंही एक खोकं ठेवून फोटो काढतो आणि सगळ्यांच्या नावाने त्याच्या फोनवर मी बोटाने सही करते. खरं पार्सल संध्याकाळी येतं, कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. कॅलेंडरवर मी फोनवरचीच तारीख लिहायचे. म्हणजे होडीवाल्यांचे ते दोन दिवस माझ्याच बोटाचे होते, हे मला आत्ता तुम्ही विचारल्यावर कळलं. एवढी वर्षं अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

मागच्या सोमवारी शेजारच्या म्बाह (म्हणजे आजी) कातेमीची मुलगी रिस्मावाती हिचा हाँगकाँगहून फोन आला. तिची दहा महिन्यांची पोर सेकार म्बाहकडे असते. साध्या दुधाने तिला जुलाब होतात, सोयाच्या पावडरीचं लागतं. सगळे मला बु सुम, म्हणजे सुममावशी, म्हणतात. ती म्हणाली, "बु सुम, शेवटचा डबा चाललाय. कुठून मागवू?" मी म्हणाले, "होडीवाले. डोळे मिटून."

बुधवारी सकाळी मी सही केली. दूध आलं नाही. दार्योनो म्हणाला, "बु, उद्या आणतो. कंपनीत बोलू नका, काम जाईल माझं." मी गप्प बसले. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. शनिवारी त्याने कबूल केलं की रेल्वे फाटकाजवळ पार्सलांची गोणी गाडीवरून पडली आणि परत गेला तेव्हा नव्हती.

गुरुवारी रिस्मावाती आईशी बोलली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं, फोन स्पीकरवर होता. "फोटो आहे माझ्याकडे. पोचलंय. विकलंस ना? मागे फोन विकलास तसं?" म्बाह म्हणाली, "अगं, तो फोन तुझ्या बापाच्या औषधाला विकला. डबा दारात आला असता तर पोरीला पेज पाजली असती का मी?" रिस्मावातीने फोन ठेवला. नंतर केला नाही.

नुसत्या पेजेवर पोर गळून गेली, तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरी आहे. रिस्मावातीच्या दिराने दूध चोरून विकल्याची म्बाहविरुद्ध तक्रार दिली आहे. पोरीला घेऊन जायचं म्हणतो. म्बाह तेव्हापासून नीट जेवत नाही.

तरी सांगते की फोटोतलं खोकं कुणाचं होतं मला माहीत नाही, दूध नव्हतं. सही माझी आहे. म्बाहने काही विकलं नाही. तिच्यावर आळ येत होता तेव्हा मी भिंतीपलीकडे पेचेलसाठी शेंगदाण्याची चटणी वाटत होते आणि तोंड उघडलं नाही. याची मला लाज वाटते. दार्योनोचं काम जाईल, त्याचंही वाईट वाटतं. पण पोर म्बाहकडून जायला नको.

जबाब साहेबांनी वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मी विनंती केल्यावरून हाँगकाँगला फोन लावून साहेबांनी तो मोठ्याने पुन्हा वाचला.  वाचून झाल्यावर रिस्मावातीने विचारलं, "बु सुम, आई जेवली का?" साहेब म्हणाले, हे जबाबात येत नाही. मी म्हणाले, लिहा, मगच सही करते.