चिलाकिलेसचा कुस्करा

परवाचीच गंमत सांगते. चिलाकिलेस हा मेक्सिकन नाश्ता करण्यासाठी माझ्या नातीने, सईने, मक्याच्या भाकरी आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. शिळ्या भाकरीचे तुकडे तळून टोमॅटो-मिरचीच्या रश्शात घोळवायचे, एवढीच कृती. सकाळी पाहते तो तिसगावहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, त्यांचा कुस्करा करून फोडणीही दिलेली!

“आक्काआजी, मोठे तुकडे हवे होते गं!” सई रडकुंडीला आली.

“आमची आई बारीकच कुस्करायची, बाय. तुकडं मोजता येत्यात. कुस्कऱ्यात तिनं सोताला किती कमी घेतलं, ते कुनाला कळायचं न्हाई.”

सईने कुस्कऱ्यावरच रस्सा ओतला आणि पहिली ताटली आक्कापुढे ठेवली. आक्काने त्यातला निम्मा माझ्या ताटलीत लोटला.

“खा. तू धाकटी हायेस.”