शीलाबाईंची मुलाखत

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हाचं सांगतो. कोर्टातली दिरंगाई संपावी म्हणून झगडणाऱ्या आमच्या संस्थेने माणसं वाढवायचं ठरवलं. मुलाखतीला बीरगांवच्या शीलाबाई आल्या. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या अपघातात गेलेला, भरपाईचा खटला रखडलेला. नोकरी हवीच होती. येताना डबा आणि बसायला चादर घेऊन आल्या.

"हे काहून आणलं, ताई?" मी विचारलं.

"कोर्टाचं काम म्हणे ना भैया, दिवस तर जाईनच."

आम्ही हसलो. मुलाखत घेणारे आमचे वकीलसाहेब संध्याकाळपर्यंत कोर्टातच अडकले. शेवटी मीच म्हटलं, "ताई, आता सोमवारी या."

त्यांनी चादर झटकून घडी केली आणि दर तारखेला कोर्टाच्या शिपायाला विचारत असाव्यात तसं मला विचारलं, "हव भैया. सोमवारी तरी साहेब बसतीन ना?"

कोर्टाच्या शिपायासारखीच मीही नजर चुकवली.